पाचव्या टप्प्याचे दोन शॉट

रचना तेंडोलकरला व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडायची सवय होती. कुणाच्या घरचा गणपती, कुणाच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, कुणी गिरनार चढून आलेलं, काहीही आलं की तिचा अंगठा आपोआप त्या दोन जोडलेल्या हातांवर जायचा. फोटो नीट बघायलाच हवा असं थोडंच आहे! आपणही तेच करतो. फरक एवढाच, की आपल्या हात जोडण्यानं कुणाची नोकरी जात नाही. तिच्या हात जोडण्यानं गेली, आणि ती नोकरी तिची नव्हती.

तिचं काम काय ते आधी सांगायला हवं, कारण डोंबिवलीत तिच्या सोसायटीत ते अजून कुणाला कळलेलं नाही. सासूबाई विचारणाऱ्याला सांगतात, "कॉम्प्युटरवर असते," आणि विषय संपवतात. वागळे इस्टेटमध्ये पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर तिचं ऑफिस. तेलाचा खडक कधीकधी इतका घट्ट असतो की तेल आत असूनही बाहेर येत नाही. मग विहिरीतून प्रचंड दाबानं पाणी आणि वाळू आत मारायची, खडकाला भेगा पाडायच्या, तेलाला वाट करून द्यायची. हे एका दमात होत नाही, एकेका टप्प्यानं करत जायचं. पण दीड किलोमीटर खाली भेग कुठल्या दिशेला पळाली हे बघायला जाणार कोण? तिथे बघता येत नाही, ऐकावं लागतं. खडक तडकताना जमीन अगदी हलकीशी थरथरते. भूकंपाचं पिल्लू म्हणा. शेजारच्या विहिरीत आठ जिओफोनची माळ सोडून ठेवलेली असते, ती ही थरथर टिपते, आणि इकडे ठाण्यात रचना स्क्रीनवर एकेका थरथरीचा एकेक ठिपका मांडते. हजारभर ठिपके पडले की भेगेचा नकाशा तयार होतो.

यात एक मेख आहे. केबलवरून खाली जाताना ती माळ गरगर फिरते. तळाशी जाऊन विहिरीच्या भिंतीला चिकटली, की कुठल्या जिओफोनचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते देवालाही ठाऊक नसतं. म्हणून आधीच माहीत असलेल्या जागी एक छोटा स्फोट करतात. त्याला शॉट म्हणायचं. स्फोट कुठे झाला ते माहीत, कंप कुठल्या बाजूनं आला ते दिसतं, त्यावरून माळेची दिशा बसवायची. पुढे प्रत्येक टप्प्याच्या आधी एक शॉट उडतो, दिशा बरोबर आहे ना हे ताडून बघण्यासाठी. माळ जागची हलली तर मात्र जुनी दिशा बाद, सगळं पहिल्यापासून.

हे बसवण्यात रचनाचा हात धरणारं कुणी नव्हतं. अठरा वर्षांत तिच्या नकाशात एकाही माणसानं चूक काढली नव्हती, आणि हे ती स्वतःच सांगायची. नव्या मुलांना शिकवताना सांगायची, अप्रेझलमध्ये लिहायची, माहेरीसुद्धा ऐकवायची. वाईट नव्हती हो बाई. पण हुशार माणसाला आपल्या हुशारीचं कौतुक एकदा लागलं की सुटत नाही.

त्या वर्षी काम गुजरातेतल्या एका तेलक्षेत्रावर होतं. आठ टप्प्यांचं. तिकडे विहिरीवर माळ सांभाळायला होते कुंडलिक शेडगे. मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कल्याण पूर्वेला, कंपनीत तेवीस वर्षं. इंग्रजी बेताचं, पण केबलला हात लावून माळ भिंतीला नीट चिकटली की नाही हे सांगणारा माणूस. रचना त्यांना शेडगेकाका म्हणायची, ते तिला मॅडम. पंधरा वर्षांनी लहान असली म्हणून काय झालं, मॅडम ती मॅडमच.

चार टप्पे झक्क झाले. मग पंपाचा काहीतरी भाग तुटला आणि दोन दिवस काम थांबलं. त्यातला पहिला दिवस नेमका खंडेनवमीचा. वागळे इस्टेटमध्येही त्या दिवशी सर्व्हरला झेंडूची माळ घातली होती आणि कीबोर्डवर कुंकवाचे शिंतोडे उडाले होते. सकाळी अकराच्या सुमाराला ग्रुपवर कुंडलिकरावांचा फोटो आला. निळी ताडपत्री, तिच्यावर ओळीनं मांडलेल्या आठ स्टीलच्या नळ्या, धुतलेल्या, पुसलेल्या, प्रत्येकीला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल, पुढे फोडलेला नारळ, मागे हेल्मेट काढून उभे कुंडलिकराव. खाली लिहिलं होतं, "शस्त्रपूजन." रचना तेव्हा रिक्षात होती. तिनं हात जोडले आणि पुढचा मेसेज बघितला.

आता बघा. जी माळ दीड किलोमीटर खाली विहिरीच्या भिंतीला चिकटलेली असायला हवी, ती ताडपत्रीवर उन्हात पडली होती. शेंबड्या पोरालाही कळलं असतं! तेवीस वर्षं ज्या हत्याराच्या जिवावर घर चाललं, ते जमिनीच्या पोटात ठेवून पूजा करायची कुणाची, केबलच्या गाडीची? कुंडलिकरावांनी माळ वर काढली, पूजली आणि संध्याकाळी परत सोडली. रोजच्या रिपोर्टात माळेला टूल म्हणतात; त्यात मात्र लिहिलं होतं, "टूल विहिरीत, हालचाल नाही."

दोन दिवसांनी पाचवा टप्पा सुरू झाला. एरवी टप्प्याला एक शॉट यायचा, ह्या वेळी दोन आले, अर्ध्या तासाच्या अंतरानं. "हौस बघा ह्यांची," रचना शेजारच्या ऐश्वर्याला म्हणाली. ऐश्वर्या नवीन लागलेली मुलगी, काम शिकत होती. रचनानं शॉट ताडून बघितले. पहिला एकशे एकेचाळीस अंशांनी चुकलेला दिसला. दुसरा बघितला, तोही तेवढाच.

"मॅडम, दोन्ही सेम कसे चुकले?" ऐश्वर्यानं विचारलं.

"काहीतरी गडबड आहे. केबलचा आवाज मिसळला असेल."

"टूल फिरलं असेल का?"

"अगं, रिपोर्ट वाच ना. हालचाल नाही म्हणून लिहिलंय की."

तरी क्षणभर तिच्या मनात काहीतरी खुपलं होतं. एक फोन लावला असता तर दोन मिनिटांत सगळं उलगडलं असतं. पण प्रीतम सरांना संध्याकाळपर्यंत त्या टप्प्याचा नकाशा हवा होता. हा प्रीतम म्हणजे तिचा वरिष्ठ, वयानं तिच्याहून लहान, कोलशेतच्या एका टॉवरमध्ये राहणारा, नकाशातलं फारसं न कळणारा आणि क्लायंटचं सगळं कळणारा. शिवाय पहिल्या चार टप्प्यांची दिशा रचनानं स्वतः बसवली होती. ती चुकीची कशी असेल? तिनं दोन्ही शॉटपुढे "निकृष्ट, वगळला" असं टाईप केलं आणि जुन्या दिशेवरच तो टप्पा मांडला; पुढच्या तीन टप्प्यांचे शॉट न उघडताच तेही तसेच मांडून टाकले.

नकाशा देखणा झाला. सगळ्या भेगा पूर्वेला पळालेल्या. पश्चिमेला खाऱ्या पाण्याचा एक जुना फाटलेला थर होता, त्याच्यापासून लांब, अगदी सुरक्षित. क्लायंट खूश झाला. प्रीतमनं तो नकाशा मोठा छापून केबिनमध्ये लावला.

त्या नकाशावर विसंबून क्लायंटनं शेजारच्या दोन विहिरींमध्ये दुप्पट दाबानं पाणी मारलं. मार्चमध्ये दोन्ही विहिरी तेलाऐवजी खारं पाणी ओकायला लागल्या. भेगा पूर्वेला गेल्याच नव्हत्या. त्या निम्म्या वाटेवरून वळून थेट त्या फाटलेल्या थरात घुसल्या होत्या.

प्रीतमनं रचनाला केबिनमध्ये बोलावलं. नकाशा अजून भिंतीवरच होता. "मॅडम, क्लायंटला एक नाव पाहिजे. टूल हललं असेल तर फील्डचा फॉल्ट. हललं नसेल तर प्रोसेसिंगचा. म्हणजे तुमचा. एकदा चेक करा ना."

रचना जागेवर येऊन बसली. माळ एकशे एकेचाळीस अंशांनी फिरली असं धरून तिनं पाचवा टप्पा पुन्हा लावला. दहा मिनिटं लागली. दोन्ही टाकून दिलेले शॉट जिथे उडाले होते तिथेच, तंतोतंत येऊन बसले. मग सगळे ठिपके पश्चिमेला वळले. तिनं फोन उघडला, ग्रुपमध्ये मागे मागे जात तो फोटो शोधला. ताडपत्री, आठ नळ्या, झेंडू. आणि खाली पहिलेच हात तिचे.

कारखान्यातली पुठ्ठा कापायची मशीन खाली धडधडत होती. ती केबिनमध्ये परत गेली.

"टूल फिरलंय, सर. एकशे एकेचाळीस अंश."

"म्हणजे बाहेर काढलेलं?"

"तसंच दिसतंय."

"तुम्हाला माहीत होतं?" प्रीतमनं सहज विचारलं, पाण्याची बाटली उघडता उघडता.

"नाही," रचना म्हणाली.

प्रीतमनं तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि मान हलवली. "मग झालं तर. रिपोर्ट तुम्हीच लिहा."

तिनं लिहिला. टूल वर काढल्याची नोंद फील्डनं केली नाही, हे लिहिलं. ते खरंच होतं. पाचव्या टप्प्याचे शॉट वापरण्याजोगे नव्हते, हेही लिहिलं. ते खोटं होतं, पण तपासणार कोण? तपासायला तिच्याइतकं जाणणारं माणूस लागलं असतं. घरी येऊन तिनं तो फोटो आपल्या फोनमधून काढून टाकला. वेडीच! ग्रुपमध्ये चौदा जण होते.

एप्रिलमध्ये ऑफिसात मीटिंग झाली. क्लायंटचा माणूस पडद्यावर, कुंडलिकराव टेबलाच्या टोकाला. इस्त्रीचा शर्ट घालून आलेले, पुढ्यात पिशवी. रचनाची नजर त्या पिशवीवरून हलत नव्हती. आता ते फोन काढतील, फोटो दाखवतील, म्हणतील की मॅडमनी बघितला होता, हात जोडले होते. ती वाट बघत बसली.

"टूल मी काढलं," कुंडलिकराव उभे राहून म्हणाले. "खंडेनवमीची पूजा करायला काढलं. लिहिलं नाय, ती चूक झाली."

"पूजा के लिए?" पडद्यावरचा माणूस म्हणाला आणि हसला. मग प्रीतम हसला. मग सगळेच हसले. रचनाही हसली. ऐश्वर्या तेवढी खाली मान घालून बसली होती.

पिशवी उघडलीच नाही. महिन्याभरात कुंडलिकरावांना घरी बसवलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. क्लायंटनं त्यांचं नाव असं काही कळवून ठेवलं की दुसऱ्या कुठल्या विहिरीवरही कुणी उभं करेना. निरोपाचा नारळसुद्धा कुणी दिला नाही. ऐश्वर्यानं जूनमध्ये नोकरी सोडली, जाताना रचनाला भेटली नाही.

रचनाचं काय झालं म्हणता? सप्टेंबरमध्ये तिला प्रोसेसिंगची प्रमुख केलं. तिनं बढतीचा पेढा सगळ्यांना वाटला आणि रात्री झोप लागेना. पश्चात्ताप वगैरे म्हणाल तर थोडा होताच. पण खरी भीती वेगळीच होती. तो फोटो कुंडलिकरावांच्या फोनमध्ये अजून असेल का? उद्या त्यांनी कुणाला पाठवला तर? शेवटी ह्या वेळी खंडेनवमी रविवारी आली, तेव्हा पेढ्यांचा एक पुडा घेऊन ती कल्याणला गेली.

कोळसेवाडीच्या आत, दोन गल्ल्या सोडून त्यांची खोली. दार हौसाबाईंनी उघडलं, कुंडलिकरावांच्या बायकोनं. रचनाला त्या पहिल्यांदाच बघत होत्या, पण नाव ऐकताच त्यांचा चेहरा फुलला. "अगं बाई, मॅडम तुम्ही? अहो, उठा, कोण आलंय बघा!"

खोलीत पाट मांडला होता. पाटावर एक पक्कड, एक टॉर्च आणि पिवळं जुनं हेल्मेट. तिघांनाही हळदकुंकू, तिघांपुढे झेंडू. हौसाबाईंनी चहा आणि कडाकण्या आणून ठेवल्या आणि तिथेच बसल्या. कुंडलिकराव बारीक झाले होते. एका सोसायटीत पंप चालू-बंद करायला जातात, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं, वर हसले. "तिथं टूलबिल काय नाय. बटण दाबायचं न् यायचं."

रचनानं इकडचं तिकडचं विचारलं. मग चहाच्या कपाकडे बघत म्हणाली, "काका, तो गेल्या वर्षीचा पूजेचा फोटो..."

"तो मी कुणालाच दाखवला नाय," कुंडलिकराव लगेच म्हणाले. "तुम्ही काळजी करू नका. त्यात तुमचे हात होते ना."

रचनानं कप खाली ठेवला.

"मी सरांना विचारूनच टूल काढलेलं, मॅडम. प्रीतम सरांना. ते म्हणाले काढ, पण रिपोर्टात लिहू नको, क्लायंट बोंबलंल. न् ठाण्यातही कुणाला फोन करू नको. मीटिंगच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, सर, हे मी सांगणार. तर म्हणाले, सांग. मग तो फोटो पण निघंल, त्याच्याखाली मॅडमचे हात आहेत, त्यापण जातील. मी म्हटलं, दोघांनी कशाला जायचं? माझी दोनच वर्षं राहिली होती. तुमची अख्खी नोकरी पडलीय."

"ह्यांनी मला सांगितलंय सगळं," हौसाबाई म्हणाल्या. "मॅडम बोलल्या असत्या, मीच मधी पडू दिलं नाय म्हणाले."

ह्या वेळी रचनाला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. उलट तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली. ती उठणार तेवढ्यात कुंडलिकराव पुढे सरकले.

"एक विचारू, मॅडम? वरसभर डोक्यात हाय. टूल परत सोडलं तेव्हा मला माहीत होतं, तोंडं फिरली असणार. तुम्हाला फोन करायची तर बंदी. मग मी शॉटवाल्याच्या अक्षरशः पाया पडून एकाच्या जागी दोन उडवून घेतले. जनरेटर बंद केला, गाड्या बंद केल्या, पन्नास माणसं गप उभी केली. म्हटलं, दोन स्वच्छ शॉट दोन्ही एकाच बाजूला दिसले, की मॅडमना तिथल्या तिथं समजंल. न् फोटोला हात जोडलेत म्हंजे टूल वर आलेलं त्यांनी बघितलंच हाय. हत्यार पुजलं म्हणून काम बिघडू दिलं नाय आपण, असं मी हिला रोज सांगतो." ते थांबले. "ते शॉट तुम्हाला पोचले होते का?"

रचनाच्या डोळ्यांपुढे त्या दोन रेघा आल्या. एरवी शॉटवर पंपाची, गाड्यांची, माणसांच्या पायांची कुरकुर असते. ह्या दोन रेघांवर काहीच नव्हतं. अठरा वर्षांत इतके स्वच्छ शॉट तिनं पाहिले नव्हते. एवढंच सांगायचं होतं की काका, तुमचं काम चोख होतं, मीच फेकून दिलं. खोलीत तिघांशिवाय कुणी नव्हतं. ऐकून कुणी तिची नोकरी काढणार नव्हतं. तिला कशाचीच भीती उरली नव्हती. पण अठरा वर्षं, एकही चूक नाही.

"पोचले होते," ती म्हणाली. "पण खराब आले, काका."

"दोन्ही?"

"दोन्ही."

कुंडलिकराव हौसाबाईंकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? तू उगाच कंपनीला शिव्या घालत बसतीस. माझंच चुकलं होतं. शॉटच नीट गेले नव्हते."

ते उठले, पाटावरची पक्कड उचलली, खांद्यावरच्या टॉवेलच्या टोकानं तिचं कुंकू पुसलं आणि कॉटखालच्या खोक्यात टाकली. मग टॉर्च टाकला.

"अहो, असं काय करताय?" हौसाबाई म्हणाल्या. "दसरा उद्याय. आज कुठं उचलताय?"

"राहू दे," कुंडलिकराव म्हणाले. हेल्मेट खोक्यात मावेना, ते त्यांनी कॉटखाली ढकललं. मग चपला घालून दारात उभे राहिले आणि रचनाला म्हणाले, "चला मॅडम, स्टँडपर्यंत येतो. इथं आत रिक्षा मिळायच्या नायत."

ती त्यांच्यामागून निघाली.